हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी गौताळ्याचा रस्ता सायकलला द्या: खुलं पत्र

प्रति,
गौताळा औट्रम घाट अभयारण्य सांभाळणारे वनविभागाचे अधिकारी, नाक्यावरचे वनरक्षक, वनमजूर, आणि छत्रपती संभाजीनगरचं जिल्हा प्रशासन

साहेब, नमस्कार.

मी कन्नडचा राहणारा. बरीच वर्षं सायकल चालवतो, रोड बाइक आहे, रविवारी सकाळी पाय घरात राहत नाहीत. मागणी एकच आहे आणि ती सुरुवातीलाच सांगून टाकतो. दिवाळी ते होळी, दर रविवारी, सूर्य उगवल्यापासून सकाळी दहापर्यंत, अभयारण्याच्या आतून जाणारा रस्ता फिरायला येणाऱ्या मोटारींना आणि मोटारसायकलींना बंद ठेवा, सायकलवाल्यांना आणि पायी चालणाऱ्यांना खुला ठेवा. आतल्या आणि पलीकडच्या गावच्या लोकांच्या गाड्या, एसटी, दुधाची गाडी, दवाखान्यात निघालेलं पेशंट, शेताला निघालेला ट्रॅक्टर, यांना कुणीच अडवू नये, रस्ता आधी त्यांचाच आहे. बंद करायचंय ते फक्त 'चल एक राउंड मारून येऊ' म्हणून येणारं ट्रॅफिक.

हे का मागतोय ते जरा सविस्तर सांगतो.

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला टँकर आठवतो, वाळलेली तुराटी आठवते. इथं सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत सुमारे २६० चौरस किलोमीटरचं जंगल १९८६ पासून अभयारण्य म्हणून जपलं गेलंय हे पुण्या-मुंबईच्या सायकलवाल्यांना सोडा, आपल्याच लातूर-परभणीच्या कितीतरी पोरांना माहीत नसतं. साग, सालई, पळस, धावडा, अंजन, मधेच चंदन. बिबट्या आहे, अस्वल आहे, तरस, नीलगाय, चिंकारा, भेकर, मोर तर विचारूच नका. आणि जमीन अशी की इकडं मराठवाड्याचं पठार संपतं आणि एकदम कडा तुटून खाली खानदेश सुरू होतो. इकडं पडलेलं पाणी शिवना, पूर्णेवाटे गोदावरीला जातं आणि कड्यापलीकडं पडलेलं गिरणेतून तापीला, म्हणजे एकाच डोंगरावरचा पाऊस निम्मा बंगालच्या उपसागराला आणि निम्मा अरबी समुद्राला. सायकलवाल्याला हे नकाशा न उघडता कळतं, कारण कन्नडहून चाळीसगावकडं निघालं की आधी नुसता उतार लागतो, पायडल मारायची गरजच नाही, आणि सगळा चढ परतीला, ऊन वर आल्यावर, पाय दमल्यावर. घाटाच्या पायथ्याशी राहणारे सायकलवाले आधी घाट चढून मग मजेत घरी उतरतात, आमचं उलटं. त्यामुळं इकडं पाणी, वेळ आणि ऊन यांचा हिशोब चुकला तर घाट माफ करत नाही.

संभाजीनगरहून येणाऱ्यांचा रस्ता तर एवढा सुंदर आहे की त्याचं नाव देशभर व्हायला पाहिजे. पडेगाव, मिटमिटा सोडलं की समोर देवगिरीचा किल्ला उभा राहतो, मग दौलताबादचा घाट, त्यातला तो जुना दरवाजा जिथून मोठी गाडी निघताना सगळं ट्रॅफिक थांबतं, वर खुलताबाद, जमलं तर उजवीकडं शूलीभंजन नाहीतर म्हैसमाळ, म्हैसमाळचा शेवटचा चढ ज्याला बसून चढता येतो त्याच्या पायात दम आहे असं समजायचं. मग वेरूळ, आणि पुढं कन्नड, असे साठेक किलोमीटर. पितळखोऱ्याला वाकडी वाट करून जाणारे पण आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेण्या आणि सायकल लावून खाली उतरायच्या पायऱ्या, क्लीटचे, म्हणजे पायडलला अडकणारे, बूट घातलेल्यांनी तिथं बूट काढून हातात घ्यावेत. अजून पूर्वेला सिल्लोड-सोयगावकडं हळदा घाट आहे, वेताळवाडीचा किल्ला उजाडताना त्या घाटातून बघावा, वर्णन करत बसत नाही.

पण या सगळ्यांच्या मधे गौताळा आहे आणि माझं पत्र गौताळ्याबद्दल आहे.

मोठा घाट, म्हणजे आपला कन्नडचा औट्रम घाट, तो हायवे आहे, सोलापूर-धुळे. ३१ ऑगस्ट २०२१ च्या पावसात तिथं दरडी कोसळल्या, गाड्या अडकल्या, ते दिवस इथला माणूस विसरणार नाही. त्यानंतर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या आदेशानं २०२३ च्या ऑगस्टपासून जड वाहनांना घाट बंद झाला. ट्रक गेले, धूर गेला, दिवसदिवस लागणारी रांग गेली, त्याबद्दल कोर्टाचे आणि अंमलबजावणी करणाऱ्यांचे मनापासून आभार. पण रस्ता मोकळा झाला की छोट्या गाड्यांचा स्पीड वाढतो हे पण खरंय. आधी ट्रकमागं वीसच्या स्पीडनं रांगणारी कार आता वळणावर ऐंशीनं येते. मागच्या हिवाळ्यात मी चढत होतो, पांढऱ्या पट्टीच्या आत, कडेला अगदी, आणि एका कारनं दुसरीला ओव्हरटेक करताना तिचा आरसा माझ्या कोपराला घासून गेला. काही झालं नाही, पडलो पण नाही, पण त्यानंतर खाली उतरून कठड्यावर बसलो तर पाय थरथरायचे थांबेनात. माझ्यासोबत त्या दिवशी भाच्याला आणणार होतो, नववीत आहे. नाही आणलं ते बरं झालं.

म्हणून आमच्यासारखे लोक हायवे सोडून आतल्या रस्त्याकडं वळले. कन्नडहून हिवरखेड्याच्या बाजूनं नाका लागतो, तिथून आत, जंगलातून, तलावाकडं, आणि पुढं नागदच्या अंगाला उतरायचं. रस्ता अरुंद, झाडं दोन्ही बाजूंनी वर आलेली, पावसाळा संपला की प्रत्येक ओहोळातून थोडं थोडं पाणी वाहत असतं. लेकरांना, नवीन शिकणाऱ्या बायांना, साठीच्या काकांना घेऊन जाता येईल असा हा आख्ख्या जिल्ह्यातला एकमेव डोंगराचा रस्ता आहे असं माझं मत आहे. आणि तोच रविवारी सकाळी नऊनंतर वापरता येत नाही. शहरातून गाड्या येतात, चारही दारं उघडून गाणी लावतात, वानरांना वेफर्स टाकतात, पोरं बाइकचे सायलेन्सर फोडून रील काढतात. गार्ड लोक ओरडतात, दंड करतात, पण एवढ्या मोठ्या जंगलाला नाक्यावरची चार माणसं कुठं कुठं पुरणार.

एक गोष्ट जवळून बघितलेली सांगतो. वळणाच्या पलीकडं धामण पडली होती, सहा-सात फुटांची, नुकतीच टायरखाली आलेली. मधला भाग चपटा झालेला, पण शेपटाकडचा हातभर तुकडा अजून हळूहळू वळत होता, खवले उन्हात पिवळे चमकत होते. आम्ही काठीनं कडेला घेतली. बिनविषारी साप, शेतकऱ्याचे उंदीर खाणारा. असे मेलेले साप, ससे, बेडूक, घोरपडीची पिल्लं हे पर्यटकाला दिसतच नाही, कारण साठच्या स्पीडनं जाताना ते रस्त्यावरचा डाग वाटतं. आम्हाला दिसतं, कारण आम्ही बाराच्या स्पीडनं चढत असतो आणि नजर रस्त्यावरच असते. मागणी मान्य केलीत तर दर रविवारी आम्ही मेलेल्या जनावरांचे फोटो, जागा आणि वेळ तुम्हाला लिहून देऊ. कोणत्या वळणावर, कोणत्या महिन्यात जास्त मरतात हे दोन हिवाळ्यांत कळेल आणि स्पीडब्रेकर कुठं टाकायचा ते अंदाजानं ठरवावं लागणार नाही.

आणि जनावर फक्त इथलंच नसतं साहेब, हे तुम्हाला मी काय सांगायचं. २०२१ च्या मार्चमध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत आलेला वाघ गौताळ्यात दिसला, कित्येक दशकांनी इथं वाघ आला. मग २०२४ च्या डिसेंबरात टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ पार धाराशिवला येडशी रामलिंग घाटात पोचला. शेकडो किलोमीटर कापसातून, तुरीतून, हायवे ओलांडत यायचं आणि शेवटी जे जंगल सापडेल तिथं गाणी आणि हॉर्न. रविवारचे तीन-चार तास गाड्या थांबल्यानं वाघ इथं राहायला येईल असं मी म्हणत नाही. पण जंगलाला आठवड्यातून एक शांत सकाळ द्यायची सवय तरी आपल्या लोकांना लागेल.

हे काही जगावेगळं नाही. आपल्याच जिल्ह्यात अजिंठ्याला बघा, फर्दापूरच्या टी पॉइंटला सगळ्यांच्या गाड्या थांबतात, तिथून पुढं शेवटचे चार किलोमीटर ठरलेल्या बसनं जायचं. सुरुवातीला लोक कुरकुरले असतील, आज कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. राजस्थानात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात लोक सायकल भाड्यानं घेऊन किंवा सायकलरिक्षात बसून पक्षी बघतात. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारा हायवे २००९ पासून रात्री बंद असतो, तिथं तर दोन राज्यांचं ट्रॅफिक आहे. मी फक्त आठवड्यातले तीन-चार तास मागतोय.

आता तुमच्या बाजूनं पण बोललं पाहिजे, कारण सायकल म्हणजे आपोआप चांगली असं मी मानत नाही.

सायकलचा आवाज नसतो. हीच तिची मजा आणि हाच तिचा धोका. मोटार अर्धा किलोमीटर आधी ऐकू येते आणि जनावर बाजूला होतं. सायकल उतारावरून एकदम समोर येते. बिबट्या शक्यतो निघून जातो, पण अस्वल दचकलं की पळण्याऐवजी अंगावर येतं, ही गोष्ट जंगलाकाठचा प्रत्येक माणूस जाणतो. एकदा नाक्यावर गार्डनं आम्हाला अडवलं, म्हणाला, "काका, धा मिनिटं थांबा, पुढच्या वळणावर अस्वल दिसलंय म्हणायलेत. लेकरं हायेत तुमच्यासंगं." आम्ही थांबलो. त्या दहा मिनिटांत त्यानं जे सांगितलं ते कुठल्या कोर्समध्ये मिळणार नाही: मोहाची फुलं पडायला लागली की अस्वल कुठं येतं, बोरं पिकली की कुठं, वारा कुणीकडून असला की त्याला आपला वास लागत नाही. अशी माणसं तुमच्याकडं आहेत. रविवारी सुटणाऱ्या प्रत्येक ग्रुपला त्यांनी पाच मिनिटं उभं करून हे सांगावं, आम्ही हात जोडून ऐकू.

म्हणूनच मी वेळ सूर्योदयानंतरची मागतोय. आमच्यातल्याच बऱ्याच जणांना हे पटणार नाही, त्यांना पहाटे पाचला लाइट लावून आत शिरायचं असतं म्हणजे नऊला घरी पोचता येतं. त्यांना माझं स्पष्ट म्हणणं आहे की अंधार आणि झुंजुमुंजू ही वेळ आपली नाही. एका पहाटे नाक्याच्या अलीकडं टॉर्चच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध दोन लाल ठिणग्या दिसल्या, जवळ गेलो तर रातवा, वाळक्या पाचोळ्याच्या रंगाचा पक्षी, डांबर रात्री उबदार राहतं म्हणून पोट टेकवून बसलेला. चाक हातभर अंतरावर येईपर्यंत तो उठला नाही. उतारावर असतो तर तो चाकाखालीच होता. सायकलनं पण जीव जातो.

तसंच टायमिंगवाल्यांचं. ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत करायचे असतात, करा की, मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे, पण तो रूट हायवेनं न्या. घड्याळ लावून उतारावर पन्नासनं सुटणाऱ्याला अभयारण्याच्या रस्त्यावर जागा नको. उतारावर पंचवीसची मर्यादा घाला. घंटी सक्तीची करा, वळणावर वाजवायची. चार-पाचच्या गटानंच सोडा, एकट्याला नको. स्पीकर नाही, ड्रोन नाही, वानरांना केळी नाहीत. एनर्जी जेलचं पाकीट आणि चिक्कीचा कागद आत जाताना मोजून घ्या आणि बाहेर येताना मोजून बघा, कमी भरला तर दंड. विडी-सिगारेट सापडली तर त्या माणसाला वर्षभर प्रवेश बंद, कारण फेब्रुवारीनंतर सागाचा पाचोळा गुडघाभर असतो आणि एक काडी आख्खा डोंगर पेटवते. होळीला थांबवा म्हणतोय ते यासाठीच, पुढं वणव्याचे दिवस, पाणवठ्यावर जनावरांची गर्दी, आणि तुमची माणसं तशीही जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेले पट्टे) आणि टँकरच्या मागं दमलेली.

कायद्याचं म्हणाल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अभयारण्यात कुणाला प्रवेश द्यायचा, कशासाठी द्यायचा आणि काय अटींवर द्यायचा हे ठरवायचे अधिकार वनविभागालाच आहेत, सार्वजनिक रस्त्यानं नुसतं जाणाऱ्याची गोष्ट वेगळी. म्हणून वनविभाग आणि जिल्हा प्रशासन दोघांना एकाच पत्रात लिहितोय. रस्ता एकाचा आणि जंगल दुसऱ्याचं, असं होऊन कागद टेबलावर फिरत राहायला नको. सायकलला तिकीट लावा, फुकट नको आम्हाला. जो माणूस लाखभराची सायकल घेतो त्याला प्रवेशाचे पैसे द्यायला जड जाऊ नये, शाळेच्या पोरांना मात्र माफ करा.

आणि हा पैसा गावात फिरला पाहिजे. गाडीवाला शहरातून डबा, पाणी, कोल्ड्रिंक सगळं घेऊन येतो आणि कचरा इथं टाकून जातो. सायकलवाला काहीच आणू शकत नाही, त्याला तीस किलोमीटरवर भूक लागतेच. वाडीतल्या, तांड्यावरच्या बायांनी भाकरी, ठेचा, पिठलं, ताक एवढं जरी नाक्याशेजारी ठेवलं तरी दहाच्या आत संपेल. सीताफळाच्या दिवसांत फाट्यावर टोपली घेऊन बसणारी एक मावशी आहे, तिच्याकडं सकाळी सायकलवाले थांबतात आणि तिथंच दगडावर बसून चार-चार सीताफळं खातात. ती बिया एका फडक्यात जमा करायला लावते, रस्त्यावर थुंकू देत नाही. गावातली दोन पोरं पंक्चर काढायला शिकली, एक चांगला फ्लोअर पंप, थोड्या ट्यूब, पॅच, चेन जोडायची लिंक एवढं ठेवलं तर त्यांची रविवारची कमाई तिथंच होईल, पंपाचा आणि पहिल्या सामानाचा खर्च आम्ही स्थानिक सायकलवाले करायला तयार आहोत.

रस्त्याचं काम बघणाऱ्यांना थोडक्यात. आतला रस्ता कृपा करून रुंद करू नका. खड्डे भरा, साइडपट्टी भरा, मोऱ्या साफ ठेवा, पावसाळ्यानंतर वळणांवर वाहून आलेली खडी झाडून घ्या, कारण त्या खडीवर कार घसरत नाही पण सायकल हमखास घसरते. मोठ्या घाटात ते पांढरे जाड पट्टे मारता तेव्हा डाव्या कडेला फूटभर जागा सोडा. उतारावर ब्रेक दाबून दाबून रिम तापलेली असते, त्यात पट्ट्यांवरून हँडल थडथडलं की ताबा जातो.

राहता राहिला प्रश्न लोक नाराज होतील याचा. होतील. रविवारी शहरातून मुलाबाळांना घेऊन आलेला माणूस नाक्यावर थांबवला तर तो चिडणारच, आणि त्याचं चुकीचं पण नाही, त्याला पण जंगल बघायचंय. म्हणून दहानंतर त्याला जाऊ द्या, आणि दहाच्या आधी आला तर नाक्यावर भाड्याच्या पंधरा-वीस साध्या सायकली ठेवा, गिअर नसलेल्या पण चालतील, तलावाच्या बाजूला दोन-तीन किलोमीटर जाऊन परत आला तरी त्याच्या लेकरांना मोराचा आवाज ऐकू येईल. म्हातारी माणसं, अपंग माणसं यांच्यासाठी एखादी बॅटरीची गाडी तुमच्याकडून असावी, त्यांना सायकलच्या नावाखाली बाहेर ठेवलं तर हा उपक्रम मला स्वतःला मान्य होणार नाही.

एकदम कायमचा आदेश काढा असंही म्हणत नाही. या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सुरू करा, होळीपर्यंत चालवा. नाक्यावर एक रजिस्टर ठेवा: किती सायकली आल्या, कोणत्या गावच्या, कुणी नियम मोडला, कोणतं जनावर कुठं दिसलं, कोणतं मेलेलं सापडलं, गावकऱ्यांपैकी कुणाची अडचण झाली. एप्रिलमध्ये ते रजिस्टर तुम्ही, सरपंच मंडळी आणि आम्ही एकत्र बसून बघू. गावकऱ्यांना त्रास झाला असं निघालं किंवा आमच्यातल्या लोकांनीच घाण केली असं निघालं तर बंद करा, आम्ही पत्र लिहिणार नाही. नाक्यावर उभं राहायला, रजिस्टर लिहायला, कागद मोजायला माणसं कमी पडत असतील तर आमच्यातले चार-सहा जण दर रविवारी आळीपाळीनं सूर्योदयाच्या अर्धा तास आधी तिथं हजर राहतील. फक्त कुणाला भेटायचं आणि कोणत्या दिवशी यायचं तेवढं कळवा.

आपला,
कन्नडचा एक सायकलवाला